कर्ज फिरविणे आणि कर्ज फेडणे

कर्ज काढून कर्ज फेडू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. सल्ला चांगला आहे, पण तो सरसकट लागू पडत नाही. जुन्या कर्जाचे व्याज जबर आणि नव्याचे हलके असेल, तर कर्ज फिरविण्यात शहाणपणा असतो. मात्र फिरविणे म्हणजे फेडणे नव्हे. हा भेद ज्याने ओळखला नाही, तो दोन्हीकडून बुडतो.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील कामगारांत आम्ही वावरतो. पूर्वी पगाराच्या दिवशी गेटापाशी सावकाराचा माणूस उभा असे. आता क्रेडिट कार्डाचे बिल मोबाईलवर येते आणि त्यात 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आकडा असतो. तेवढा भरला की आपण सुटलो, असे भल्याभल्यांना वाटते.

हिशेब मांडून पाहू. समजा, कार्डावर 60,000 रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के आहे. एका महिन्याचे व्याज 2,100 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 378. गृहस्थाने पाच टक्के, म्हणजे 3,000 रुपये भरले, तर मुद्दल फिटले अवघे 522 रुपये! शिवाय थकबाकी असेतो नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या साखरेवर आजपासून व्याज. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली या व्याजाला वार्षिक 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा मर्यादेची आशा धरून बसण्यात अर्थ नाही.

अशा वेळी दुसरी बँक म्हणते, तुमची बाकी आमच्याकडे वर्ग करा, आम्ही कमी व्याजाने हप्ते पाडून देतो. यालाच बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. एक बँक 'महिना एक टक्का' म्हणते, दुसरी 'महिना दीड टक्का'. स्वस्त कोण? पहिलीचे व्याज सरसकट, म्हणजे हप्ते भरत गेलात तरी मूळ 60,000 वरच धरलेले असले, तर बारा महिन्यांत 7,200 रुपये होते. दुसरीचे घटत्या बाकीवर असले, तर सुमारे 6,000च होते! म्हणून दर विचारू नये. हप्ता किती, हप्ते किती, प्रक्रिया शुल्क आणि कर धरून एकूण किती रुपये जाणार, ते कागदावर लिहून मागावे. सवलतीची मुदत संपल्यावर कोणता दर लागेल, हेही विचारावे.

कायम कामगाराला आणखी एक वाट आहे, ती म्हणजे पगारदार नोकरांची पतसंस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 प्रमाणे सभासदाने लिहून दिले, तर कर्जाचा हप्ता मालकाला पगारातूनच कापून द्यावा लागतो. पैसा घरी येण्याआधीच हप्ता जातो, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण जामीन राहतात ते शेजारच्या मशीनवरचे सोबती. कर्जदार नोकरी सोडून गेला, की कपात त्यांच्या पगारातून होऊ लागते. सही करण्यापूर्वी पगारपत्रक पाहावे. त्यात मैत्रीचा अपमान नाही. आणि संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल वार्षिक सभेत मागून वाचावा. 2023 साली याच शहरात एका नागरी पतसंस्थेचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा ठेवीदारांवर रस्त्यावर येण्याची पाळी आली होती.

बहुतेक संसार फसतात ते याच्या पुढच्या पायरीवर. बाकी वर्ग झाली, की जुने कार्ड पुन्हा मोकळे होते. दिवाळी येते, मुलीची फी येते, कार्ड पुन्हा भरते. आता हप्ताही आहे आणि बिलही. म्हणून बाकी शून्य होताच कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, येणे बाकी नसेल तर अर्ज मिळाल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. न केल्यास बँकेने ग्राहकाला दर दिवसाला 500 रुपये द्यावयाचे आहेत. व्याजात वाचलेली रक्कमही हप्ता वाढविण्यासाठी वापरावी. मात्र मुदतीआधी फेड केल्यास दंड लागतो काय, ते आधी पाहून घ्यावे.

हे सारे ज्याच्या हाती पगारपत्रक आहे त्याच्यासाठी. त्याच शेडमध्ये, तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला ना बँक दारात उभी करते ना पतसंस्था. तो शेकडा दहा रुपये महिन्याने कर्ज उचलतो. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली गुन्हा आहे आणि तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. पण तक्रार केल्यावर पुढच्या महिन्याच्या औषधाला पैसे कोण देणार, असे तो आम्हांला विचारतो. ज्या पतसंस्थांच्या उपविधीत बसत असेल, त्यांनी अशा कामगारांना सभासद करून घ्यावे, आणि जेथे बसत नसेल तेथे उपविधी दुरुस्तीचा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आणावा.