पूल की फेरीबोट?

हॅम्बुर्गहून स्वीडनमधील लुंड या विद्यापीठ-नगरीस मोटारीने जावयाचे, तर वाटेत समुद्र दोनदा आडवा येतो. पहिला जर्मनी आणि डेन्मार्क यांच्यामध्ये, दुसरा डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्ये. हे पाणी ओलांडण्याचे मार्ग दोन : पथकर भरून पुलावरून जावे, किंवा तिकीट काढून मोटारीसह फेरीबोटीत चढावे. यांतला कोणता मार्ग घ्यावा हा प्रश्न कागदावर अगदी साधा दिसतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी मात्र त्यावरून बराच खल झाला, आणि त्या प्रवासात जे उमगले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

आमची थोरली कन्या व जावई हॅम्बुर्गला असतात. धाकटी लुंडला संशोधन करीत होती. तिच्या प्रबंधाची जाहीर चर्चा शुक्रवारी दुपारी सव्वाएक वाजता होणार होती. तिकडे हा समारंभ खुल्या सभागृहात होतो, कुटुंबीयांना आवर्जून बोलावतात, आणि ठरलेली वेळ कोणासाठी पुढे ढकलली जात नाही. आम्ही गुरुवारी दुपारीच निघणार होतो. परंतु जावई रुग्णालयात नोकरीस आहेत, त्यांची पाळी लांबली आणि ते घरी आले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. मोटार चालविणारे तेच एकटे. पहाटे पाच वाजता निघावयाचे ठरले.

जेवणाच्या टेबलावर नकाशा उघडला गेला. आमचे हे पाटबंधारे खात्यात अभियंता होते. निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी पूल दिसला की मान वळते. त्यांचे मत ठाम होते. "जावईबापू, पुलाला वेळापत्रक नसते. बोट चुकली, वारा सुटला, रांग लागली, तर उद्या सभागृहाचे दार आपल्यासाठी उघडे राहणार नाही."

म्हणणे चुकीचे नव्हते. पुलांचा मार्ग असा : हॅम्बुर्गहून उत्तरेस डेन्मार्कच्या मुख्य भूमीवर कोल्डिंगपर्यंत जावयाचे, तेथून पूर्वेस वळून 'छोटा बेल्ट' या सामुद्रधुनीवरील पुलाने फ्यून बेटावर यावयाचे. या पुलाला पथकर नाही. पुढे 'मोठा बेल्ट' ओलांडून झीलंड बेट आणि कोपनहेगन गाठावयाचे; येथे पथकर आहे. शेवटी ओरेसुंडचा पूल आणि स्वीडन. येथेही पथकर आहे आणि तो मोठ्या बेल्टपेक्षा जास्त आहे.

दुसरा मार्ग सरळ उत्तर-पूर्वेस जातो. फेमार्न बेटावरील पुटगार्डन बंदरातून फेरीबोट घ्यावयाची आणि पंचेचाळीस मिनिटांत डेन्मार्कमधील रॉडबीला उतरावयाचे. हा जलमार्ग 1963 साली सुरू झाला. बोटी रात्रंदिवस, बहुतेक वेळा दर अर्ध्या तासाने सुटतात. पुढे ओरेसुंड मात्र आहेच. तोही पाण्यावरून ओलांडावयाचा असेल, तर हेल्सिंगोर ते हेल्सिंगबोर्ग अशी वीस मिनिटांची बोट आहे. लुंडला जाणाऱ्यास ती थोडी आडवाटेची पडते.

थोरलीने वहीवर हिशेब मांडला. बोटीचे तिकीट मोठ्या बेल्टच्या पथकरापेक्षा महाग दिसत होते. पण पुलांच्या मार्गाने मोटार सुमारे दीडशे किलोमीटर अधिक चालणार. गाडी शंभर किलोमीटरला सात लिटर इंधन पिते. म्हणजे साडेदहा लिटरची भर. ती धरली की पैशांतला फरक बराच आटला. वेळेचेही तसेच. बंदरावरची थोडी प्रतीक्षा आणि समुद्रावरची पाऊण तास मिळवली, तरी दोन्ही मार्गांनी पोहोचण्याची वेळ जवळपास सारखीच येत होती. पैसा समान, वेळ समान. मग निवड कशावर करावयाची?

जावई एवढेच म्हणाले, "बाबा, मला बोट बरी वाटते." कारण त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. गाडी तेच चालविणार म्हणून त्यांचा शब्द राहिला. ह्यांना मात्र ते मनापासून पटलेले नव्हते.

पहाटे निघालो. रस्ता मोकळा होता. पुटगार्डनला रांगेत गाडी लावली, पुढची बोट वीस मिनिटांनी होती. बोटीच्या पोटात मोटारींच्या शेजारी मोठमोठे मालट्रक उभे राहतात. हातब्रेक ओढून, आपला मजला व जिन्याची खूण लक्षात ठेवून प्रवाशांनी वर जावयाचे असते. वरच्या दालनात आम्ही घरचे ठेपले आणि लोणचे काढले. जावयांनी एक ठेपला घेतला, खुर्चीत मान टेकविली, आणि दुसऱ्या क्षणी ते गाढ झोपले. रॉडबीची घोषणा झाली तेव्हा थोरलीला त्यांना हलवून उठवावे लागले.

खाली गाडीत बसल्यावर त्यांनी चावी फिरविली नाही. आरशातून माझ्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, "आई, बंदराच्या आधीची शेवटची वीस मिनिटे मला आठवतच नाहीत."

गाडीत कोणी बोलले नाही. त्या वीस मिनिटांत आम्ही फेमार्नचा पूल ओलांडला होता, मागे मी आणि शेजारी मुलगी नकाशाकडे पाहत गप्पा मारीत होतो. पुलांच्या मार्गाने गेलो असतो, तर त्या वेळी थांबण्याचे कोणतेच कारण पुढे आले नसते. वेळापत्रक नाही म्हणून ज्या रस्त्याची आम्ही वाखाणणी केली, तो रस्ता थकलेल्या माणसाला थांबवीतही नाही.

ह्यांनीच मग सांगितले, "पुढच्या विश्रांतिस्थळी गाडी घ्या. अर्धा तास झोपा. उशीर झाला तर होऊ दे." आदल्या रात्री वेळेसाठी वाद घालणारे गृहस्थ ते हेच. जावई खरोखरच पुन्हा झोपले. हे गाडीबाहेर येरझाऱ्या घालीत राहिले, घड्याळ मात्र पाहिले नाही.

ओरेसुंडला पोहोचलो तेव्हा ऊन पडले होते. हा मार्ग 1 जुलै 2000 रोजी खुला झाला. कोपनहेगनच्या बाजूने आधी समुद्राखालचा सुमारे चार किलोमीटरचा बोगदा लागतो; विमानतळ अगदी लगत असल्याने तेथे उंच मनोरे उभारणे शक्य नव्हते. मग पेबरहोम नावाचे माणसाने घडविलेले बेट, आणि त्यापुढे जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल. वर मोटारी, खाली आगगाडी. पथकर नाका स्वीडनच्या काठावर आहे. लुंडच्या सभागृहात आम्ही शिरलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती. धाकटीने आम्हांला पाहिले आणि पुन्हा आपल्या कागदांत डोके घातले.

परतताना घाई नव्हती, सर्वांची झोप झाली होती. ह्यांच्या इच्छेसाठी मोठ्या बेल्टचा मार्ग घेतला. 1998 साली हा पूल वाहनांसाठी खुला झाला आणि तेथील मोटारींच्या बोटी बंद पडल्या. पूर्वेकडच्या झुलत्या पुलाचा मधला गाळा 1,624 मीटरचा आहे, मनोरे 254 मीटर उंच. बाल्टिक समुद्राची मोठी जहाजे याच वाटेने जातात, म्हणून रस्ता पाण्यापासून इतका उंच नेला आहे की त्याखाली 65 मीटर जागा मोकळी राहते. हे खिडकीला नाक लावून बसले होते. मध्ये स्प्रोगो बेट आले तेव्हा म्हणाले, "हे पाहिले नसते तर हळहळ राहिली असती."

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पथकर आणि तिकिटे दोन्ही गाडीच्या लांबीवर ठरतात. छतावर किंवा मागे सामान बांधले असेल तर त्यासह माप धरावे. बोटीचे ठरावीक वेळेचे तिकीट स्वस्त, कोणत्याही बोटीस चालणारे महाग. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर दुसरे घ्यावे. ओरेसुंडवरून वरचेवर जाणाऱ्यास वार्षिक सदस्यत्व लाभाचे ठरते. जोराचा वारा असेल तर पूल आणि बोट दोहोंवरही परिणाम होतो, म्हणून निघण्यापूर्वी सूचना पाहाव्यात. पारपत्रे हाताशी असावीत.

पुटगार्डन ते रॉडबी असा समुद्रतळाखालचा अठरा किलोमीटरचा बोगदा आता बांधला जात आहे. तो झाला की मोटार दहा मिनिटांत पलीकडे जाईल. ह्यांना त्याचे फार कौतुक आहे, आणि तो पाहायला पुन्हा यावयाचे असे ते म्हणतात. मी होकार दिला आहे. अट एकच घातली आहे : बोगद्यात शिरण्यापूर्वी बंदराजवळ गाडी थांबवावयाची, ठेपल्यांचा डबा उघडावयाचा, आणि चालविणाऱ्याला पाऊण तास झोपू द्यावयाचे.