मुखपृष्ठावरील प्रश्नचिन्ह

आगगाडी उशिरानें येणार असें कळलें, कीं प्रवासी फलाटावरील पुस्तकांच्या दुकानापाशीं येऊन उभे राहतात. त्यांपैकीं विकत घेणारे थोडे. बहुतेक नुसते पाहणारे. परंतु नटनट्यांच्या खाजगी वार्ता छापणाऱ्या मासिकांचें मुखपृष्ठ या न घेणारांसाठींच रचलेलें असतें. आंतील पानें पैसे देणाऱ्याचीं. मुखपृष्ठ मात्र येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांचें. आमचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांनाही त्या दुकानावरून जावें लागतें. म्हणून हें पृष्ठ आपणांस कसें बोलावितें आणि आपण कोण आहों असें गृहीत धरतें, याचा थोडा विचार येथें करूं.

उदाहरण मुंबईचेंच घेऊं. १९३५ सालीं बाबूराव पटेल यांनीं 'फिल्मइंडिया' हें इंग्रजी मासिक काढलें. त्याचीं कित्येक मुखपृष्ठें एस. एम. पंडित या चित्रकारांनीं रंगविलीं. संपादकांचे बोचरे टोमणे आंतील पानांवर असत. बाहेर मात्र नटीचें सुंदर मुख आणि झगझगीत रंग. वाचकानें दुरून पाहावें व थक्क व्हावें, एवढीच त्याजकडून अपेक्षा होती.

पुढें १९७१ च्या ऑक्टोबरांत त्याच शहरांत 'स्टारडस्ट' मासिकाचा पहिला अंक निघाला. मालक नारी हिरा हे जाहिरातीच्या धंद्यांतले. संपादनाचें काम त्यांनीं शोभा राजाध्यक्ष या तेवीस वर्षांच्या तरुणीवर सोंपविलें. याच बाई पुढें शोभा डे या नांवानें लेखिका म्हणून प्रसिद्धीस आल्या. मुखपृष्ठावर राजेश खन्ना होते. १९६९ च्या 'आराधना' चित्रपटापासून त्यांच्या नांवाचा सर्वत्र गाजावाजा होता. त्या मुखपृष्ठानें त्यांच्या रूपाची स्तुति केली नाहीं. प्रश्न विचारला, कीं यांनीं गुप्तपणें विवाह केला आहे काय? (त्यांचा विवाह झाला तो १९७३ च्या मार्चांत.)

या एका प्रश्नचिन्हाची करामत पाहण्यासारखी आहे. विधान केलें असतें, तर पुरावा द्यावा लागला असता. नुसतें विचारणारापाशीं पुरावा कोण मागणार? शिवाय हा प्रश्न मासिक विचारीत आहे असें वाटतच नाहीं. तो आपल्याच मनांत आधींपासून होता आणि मासिकानें केवळ छापून दिला, असा भास होतो. गाडीची वाट पाहणाऱ्या मनुष्यास त्या गृहस्थाच्या विवाहाची क्षणापूर्वीं पर्वाही नव्हती. आतां तें जाणण्याचा आपला हक्क आहे असें त्यास वाटूं लागतें. पूर्वीं जो प्रेक्षक होता, त्यास या मुखपृष्ठानें घरांतल्या माणसाच्या जागीं बसविलें. ही बढती आपणांस आवडते, हें कबूल केलें पाहिजे.

बाकीच्या युक्त्या त्याच जातीच्या. चेहरा मोठा, दृष्टि सरळ आपल्यावर रोखलेली. नांव एकेरी, जणूं शेजारच्या मुलाचें. दोन निराळ्या दिवशीं काढलेलीं छायाचित्रें शेजारीं ठेवून मध्यें फाटल्यासारखी रेघ ओढली, कीं एक शब्दही न लिहितां पतिपत्नींचें भांडण झालें!

अमेरिकेंत 'पीपल' साप्ताहिकाचा पहिला अंक ४ मार्च १९७४ या तारखेचा. त्यावर मिया फॅरो ही नटी होती. त्याचे संपादक रिचर्ड स्टॉली यांनीं मुखपृष्ठासाठीं एक क्रमच लावून ठेवला होता: वृद्धापेक्षां तरुण बरा, कुरूपापेक्षां सुंदर बरा, गरिबापेक्षां श्रीमंत बरा, आणि राजकारणापेक्षां कांहींही बरें. १९७७ च्या ऑगस्टांत गायक एल्विस प्रेस्ली वारले, तेव्हां या साप्ताहिकानें त्यांस मुखपृष्ठ दिलें नाहीं. ती चूक झाली असें पुढें त्यांस वाटलें. १९८० च्या डिसेंबरांत जॉन लेनन यांचा खून झाला, तेव्हां मुखपृष्ठावर तेच होते आणि अंक प्रचंड खपला. मृत कीर्तिमान मनुष्य सर्वांत बरा, हें कलमही मग त्या क्रमास जोडलें गेलें. हें सारें संपादकांच्या दुष्टपणानें झालें असें आम्हांस वाटत नाहीं. खपाचे आंकडे घेणाऱ्यांच्या हातांनींच लिहिले जातात. गंमत इतकीच, कीं वृद्ध, गरीब व साधारण रूपाचे लोकही तें साप्ताहिक घेत; त्यांचा चेहरा वर नसे, त्यांची आवड तेवढी असे.

आतां एक घरची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका शाळेंत शिकवीत असतां आठवीच्या मुलांनीं भित्तिपत्रक चालविलें होतें. त्याच्या एका अंकावर मोठ्या अक्षरांत प्रश्न होता: 'अमुक मुलगी गणितांत पहिली कशी आली?' खालीं तिचें रेखाचित्र. आंतला लेख निर्दोष होता. ती पहाटे उठून उदाहरणें सोडविते, एवढेंच त्यांत होतें. आम्हींच तो तपासला व लावूं दिला, कारण खोटें वाक्य त्यांत एकही नव्हतें. लेख चारपांच जणांनीं वाचला. वरची ओळ साऱ्या शाळेनें. तिसऱ्या दिवशीं तिनें नक्कल केली असें पहिलीचीं मुलेंही बोलूं लागलीं, आणि मुलगी शाळेस येईनाशी झाली. संपादक मुलास बोलाविलें, तेव्हां तो रडकुंडीस येऊन म्हणाला, "सर, आम्ही नुसतें विचारलें होतें. उत्तर आंत दिलें होतें कीं!"

तें खरेंच होतें. संध्याकाळीं आम्ही मुलीच्या घरीं गेलों आणि हेंच तिच्या आईस सांगूं लागलों. ती दारांतच उभी होती. म्हणाली, "गुरुजी, उत्तर कोण वाचतो?"