डहाणूला तैलरंग घेऊन जाताना टर्पेंटाइन घरीच ठेवा

तैलरंगात काम करणाऱ्याच्या पिशवीतली सगळ्यात कटकटीची वस्तू म्हणजे टर्पेंटाइनची बाटली. घरी खिडक्या उघड्या ठेवून ती चालून जाते. पण डहाणू लोकल पकडून बोर्डीच्या किनाऱ्यावर, महालक्ष्मीच्या डोंगराखाली किंवा तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर चित्रं काढायला जायचं, तर तिचं काय करायचं? माझं पीएचडीचं काम वाळणाऱ्या तेलांवर आहे, त्यामुळे चित्रकार मंडळी हा प्रश्न मला हमखास विचारतात. माझं उत्तर त्यांना जरा निराश करतं: दुसरं द्रावक शोधूच नका, द्रावकाशिवाय काम करा.

आधी एक गैरसमज काढू. तैलरंग "वाळतो" म्हणजे त्यातलं काही उडून जातं असं नाही. ट्यूबमध्ये रंगद्रव्य असतं आणि तेल असतं, बहुतेक वेळा जवसाचं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट थर तयार होतो. टर्पेंटाइनचा या सगळ्याशी संबंध नाही. त्याची कामं दोनच, पहिला थर पातळ करणं आणि ब्रश धुणं. दोन्ही कामं दुसऱ्या मार्गाने होतात.

मग टर्पेंटाइनला एवढं का घाबरायचं? त्याचा ज्वलनांक साधारण 35 अंश सेल्सियस आहे. म्हणजे त्या तापमानाला त्याची इतकी वाफ होते की एक ठिणगी पुरते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान याच्या कितीतरी वर जातं. रेल्वेत असली ज्वालाग्राही वस्तू नियम मोडून नेली तर रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय भारतीय टर्पेंटाइन हिमालयातल्या चीड झाडाच्या राळेपासून बनतं आणि त्यात 3-कॅरीन नावाचा घटक भरपूर असतो. हवा लागली की त्याची पेरॉक्साइडं होतात, आणि ती कातडीला ॲलर्जी आणतात. वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या बोटांना खाज का सुटते, त्याचं एक कारण हे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. प्रवासात लोक थिनर पाण्याच्या बाटलीत भरतात. पाड्यावर इझल लावलं की पाच मिनिटांत पोरं गोळा होतात, ऊन असतं, तहान लागलेली असते, आणि बाटलीतलं द्रव पाण्यासारखंच दिसतं. थिनर म्हणजे रॉकेलचा सख्खा भाऊ. घोटभर गिळताना ठसका लागून ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि लहान मूल त्यात दगावू शकतं. असं झालंच तर उलटी अजिबात काढू नका, कारण उलटीबरोबर ते पुन्हा फुप्फुसाकडे जातं. बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

बाजारातल्या पर्यायांकडे पाहू. "बिनवासाचं" मिनरल स्पिरिट तुलनेने बरं. त्याचा ज्वलनांक 60 अंशांच्या आसपास असतो, वाफही कमी होते. पण वास गेला म्हणजे वाफ गेली असं नाही, आपल्या नाकाचा भोंगा तेवढा बंद झाला. संत्र्याच्या सालीपासून मिळणारं लिमोनीन "नैसर्गिक" म्हणून विकलं जातं. तेही सुमारे 48 अंशांवर पेट घेऊ शकतं आणि हवेत जुनं झालं की कातडीला त्रास देतं. नैसर्गिक तर टर्पेंटाइनही आहे! स्पाइक लॅव्हेंडरचं तेल जुन्या चित्रकारांच्या आवडीचं, पण महाग, आणि शेवटी तेही द्रावकच.

त्यापेक्षा स्वयंपाकघरात चला. तेल किती वाळेल हे त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळतं. रेणूत दुहेरी बंध जितके जास्त, तितकं मूल्य जास्त आणि तितकं तेल चांगलं वाळतं. खोबरेल 10 च्या आत-बाहेर, शेंगदाणा 90 च्या आसपास, करडई 145 च्या आसपास आणि जवस 170 च्या वर. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवर पिकणारी खुरासणी साधारण 130 ला येते, म्हणजे वाळणाऱ्या तेलांच्या उंबरठ्यावर. मोहाचं तेल मात्र 60-70 च्या घरात, ते चिकटच राहणार.

म्हणून ब्रश धुवायला करडईचं तेल घ्या. आधी ब्रश फडक्याने चांगला पुसा (निम्मं काम इथेच होतं), मग तेलात बुडवून परत पुसा, आणि मुक्कामी पोचल्यावर अंगाच्या साबणाने धुवा. डोक्याचं खोबरेल ब्रशला लावू नका. केसांत उरलेलं खोबरेल दुसऱ्या दिवशी रंगात मिसळतं, आणि तो थर महिनोन्‌महिने ओला राहतो.

पहिला थर पातळ हवा असेल तर रंगात काही मिसळू नका. थोडासाच रंग राठ ब्रशने कॅनव्हासवर घासा आणि फडक्याने ओढून काढा. पुढच्या थरांत हवं तर थेंबभर जवसाचं तेल. खाली कमी तेल, वर जास्त, हा नियम मोडला की वरचा थर पुढे तडकतो.

पाण्यात मिसळणारे तैलरंगही मिळतात. त्यांतल्या तेलात असा बदल केलेला असतो की ते पाण्याशी जमवून घेतं. प्रवासाला सोयीचे आहेत, मात्र किनाऱ्याच्या दमट हवेत पाणी लवकर उडत नाही आणि तोवर रंग दुधाळ दिसतो. दोनचार वेळा घरी वापरून मगच न्या.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, डहाणू-तलासरीची स्वतःची चित्रकला पाण्यावरच उभी आहे. लग्नाच्या चौकासाठी सुवासिनी तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूची काडी चावून केलेल्या ब्रशने भिंतीवर रेघ ओढतात. पाणी उडून जातं आणि पिठातलं स्टार्च रेघेला धरून ठेवतं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच परंपरेतल्या कामाला. आता कापडावर ॲक्रिलिकही वापरतात, पण द्रावक तेच, विहिरीचं पाणी. त्याच विहिरीजवळ आपण कॅडमियमवाल्या रंगाचा ब्रश धुवायचा नाही, एवढं तरी पाळू. द्रावक बदललं तरी रंगद्रव्याचं विष जात नाही. साबणाचं रंगीत पाणी बाटलीत भरून परत आणा.

राहिली फडकी. तेलकट फडक्यांचा बोळा पिशवीत कोंबणं हा द्रावकाशिवायच्या पद्धतीतला खरा धोका आहे. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडते. बोळ्यात ती अडकते, वाढत जाते, आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. जवसाच्या तेलाने अशा आगी लागल्या आहेत. फडकी पाण्यात भिजवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, आणि घरी आल्यावर उघड्यावर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळू द्या, मगच कचऱ्यात टाका.