बटाटा काढावा केव्हा?

परसातले वांगे तोडायला आले की नाही, हे त्याच्या तुकतुकीवरून कळते. भेंडीचे टोक मोडून पाहता येते. बटाट्याचे तसे नाही. तो मातीखाली वाढतो, आणि हौसेने चार वाफे लावणाऱ्या गृहस्थाला तीन महिने नुसता पाला पाहून समाधान मानावे लागते. मग एके दिवशी धीर सुटतो, कुदळ चालते, आणि हात लागताच साल सुटणारे कोवळे बटाटे टोपलीत येतात. त्या आठवड्यात त्यांची भाजी अतिशय रुचकर होते, यात शंका नाही. पण साठवणीत ते टिकत नाहीत. सुरकुततात, नाही तर सडतात.

वस्तुतः बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. जमिनीत आडव्या वाढणाऱ्या फांद्यांची टोके फुगून तो तयार होतो. पानांनी उन्हात केलेले अन्न तेथे पिष्टाच्या रूपाने साठते, आणि पाने हिरवी आहेत तोवर ही भरती चालू असते. खालची पाने पिवळी पडून हळूहळू सारे झाड निस्तेज झाले व आडवे पडले, म्हणजे ती संपत आली असे समजावे. तथापि करपा पडल्यानेही पाने पिवळी होतात. म्हणून लावणीची तारीख टिपून ठेवणे बरे. ‘कुफरी चंद्रमुखी’ ही जात सुमारे 80 ते 90 दिवसांत तयार होते, तर ‘कुफरी सिंदुरी’ला 110 ते 120 दिवस लागतात.

विलायती बागकामाच्या पुस्तकांतून फुलोऱ्याची खूण सांगितलेली असते. सिमल्याच्या डोंगरात उन्हाळ्याच्या लांब दिवसांत बटाट्याला फुले येतात, तेथे ती ठीक आहे. पण पुण्यास किंवा कानपुरास हे पीक हिवाळ्याच्या आखूड दिवसांत वाढते आणि पुष्कळदा फुलतच नाही. फुलांची वाट पाहणारा तेथे वाट पाहतच राहील!

खरी परीक्षा अंगठ्याची. एखाद्या झाडाच्या बाजूची माती हलकेच उकरून एक बटाटा काढावा आणि त्याच्या सालीवर अंगठा दाबून घासावा. साल सरकली तर पीक अजून कच्चे; घट्ट राहिली तर तयार. पाला पिवळा झाला आणि साल मात्र सरकते, असे झाल्यास पाणी बंद करावे, पाला जमिनीलगत कापून टाकावा आणि बटाटे 10 ते 15 दिवस मातीतच राहू द्यावेत. एवढ्या अवधीत साल घट्ट होते.

मात्र या धीरालाही मर्यादा आहे. उत्तरेच्या मैदानात मार्चच्या मध्यानंतर जमीन तापू लागते, आणि तापलेल्या मातीत बटाटे कुजू लागतात. महाराष्ट्रात उन्हाबरोबर बटाट्यावरील पतंगाचा उपद्रव वाढतो. मातीला भेगा पडून उघड्या राहिलेल्या बटाट्यांवर तो अंडी घालतो आणि अळी आत शिरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेले पीक उन्हाळ्यापूर्वी घरात आलेच पाहिजे. पुणे जिल्ह्यातील खेड-आंबेगावकडे बटाटा पावसाळ्यातही घेतात. तेथे अडचण उलटी. चिखलातून काढलेला ओला बटाटा टिकत नाही, म्हणून उघडीप पाहून माती वाफशावर आली की काढणी उरकतात.

काढताना कुदळ बुंध्यापासून वीतभर दूर घालावी. तरीही काही बटाटे कापले जातातच. ते वेगळे काढून आधी खावेत. बाकीचे उन्हात पसरून ठेवू नयेत. उजेड लागला की साल हिरवी होते, आणि तिच्याबरोबर सोलॅनिन नावाचे विष वाढते; ते शिजवण्याने जात नाही. फार हिरवा झालेला बटाटा टाकून द्यावा, त्याची हळहळ करू नये. चांगला माल सावलीत, हवेशीर जागी 10 ते 15 दिवस ठेवला म्हणजे लहानसहान खरचटे भरून येतात. त्यानंतर अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात त्याचा उथळ थर करावा आणि दर आठवड्यास हात फिरवून नासका दाणा उचलावा.

उन्हाळी वाळवणासाठी बटाटा हवा असेल, तर कच्चा काढण्याचा मोह विशेषच टाळावा लागतो. त्यात पाणी व साखर अधिक आणि पिष्ट कमी असते. असा कीस वाळल्यावर मूठभर उरतो, आणि उपासाच्या दिवशी तळायला घेतला की कढईत काळवंडतो.