विद्वानांची स्मृति आणि साक्षीदारांचे बोल

एखादा थोर विद्वान् कालवश झाला, कीं त्याचे ग्रंथ मागें राहतात आणि सांगण्यासारखें सारें त्यांत आलें अशी आपली समजूत होते. परंतु ग्रंथ हें विद्येचें फळ आहे. तें कोणत्या मशागतीनें पिकलें, हें फळ पाहून कळत नाहीं. तो विद्वान् शिष्यांच्या शंकांना उत्तर कसें देई, आपलें मत कोणत्या प्रसंगीं बदली, हें त्याच्याजवळ बसलेल्या माणसांनाच ठाऊक असतें. तीं माणसें हयात आहेत तोंवरच तें विचारून घेतां येतें. अशा रीतीनें विचारून, नोंदून व पडताळून घेतलेल्या वृत्ताला मौखिक इतिहास म्हणतात.

नांव नवें असलें तरी हें काम आपल्याकडे जुनें आहे. तेराव्या शतकांत श्रीचक्रधरस्वामींच्या मागें म्हाइंभटांनीं हेंच केलें. म्हाइंभट स्वतः शास्त्रांत निपुण होते. तरी त्यांनीं कल्पनेवर भिस्त ठेविली नाहीं. ज्यांनीं स्वामींना पाहिलें, त्यांचे शब्द ऐकले, अशा स्त्रीपुरुषांना गांठून ते आठवणी मिळवीत आणि आचार्य नागदेवांकडून त्या तपासून घेत. त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालें. पुढें मूळ पोथी धामधुमींत नष्ट झाली, तेव्हां ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. निरनिराळ्या पाठांतील फरक पोथ्यांतून ‘वासना’ या संज्ञेखालीं नोंदलेले आढळतात. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्या, हा प्रामाणिकपणा आजच्या संशोधकानेंही घ्यावा असा आहे.

विसाव्या शतकांतील उदाहरण लोकमान्य टिळकांचें. १९२० सालीं लोकमान्य वारल्यावर सदाशिव विनायक बापट यांनीं शेंकडों लोकांच्या आठवणी मिळवून त्या १९२४ ते १९२८ या काळांत तीन खंडांत प्रसिद्ध केल्या. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत लिहिलें गेलें. तेथें शेजारीं पंडितांची सभा नव्हती. होता तो स्वयंपाक करणारा एक मराठी कैदी. ग्रंथांतील वाद त्याला उलगडले नसतील. पण ग्रंथकार केव्हां उठे, किती वेळ लिही, दुःखाची वार्ता आली तेव्हां कसा बसून राही, हें पाहणारे डोळे त्याचेच होते. म्हणून साक्षीदार निवडतांना त्याची विद्वत्ता पाहूं नये, त्याचें सान्निध्य पाहावें.

अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत ॲलन नेविन्स यांनीं १९४८ सालीं या कामाला संस्थेचें रूप दिलें. पुढें ध्वनिमुद्रणाचें यंत्र सुटसुटीत झालें आणि शब्दांबरोबर स्वर, अडखळणें व मौनही टिपतां येऊं लागलें. दिल्लीच्या तीनमूर्ति भवनांतील नेहरू स्मारक ग्रंथालयानेंही स्वातंत्र्यलढ्यांतील अनेकांच्या दीर्घ मुलाखती घेऊन त्यांच्या लिखित प्रती जपल्या.

मुलाखतीचें यश मात्र यंत्रावर अवलंबून नाहीं, तें प्रश्नावर आहे. ‘गुरुजी कसे होते?’ असें विचारलें, तर ‘देवमाणूस होते’ एवढेंच उत्तर येतें. ‘तुमचा निबंध त्यांनीं परत केला तेव्हां समासांत काय लिहिलें होतें?’ असें विचारलें, कीं माणूस क्षणभर थांबतो आणि खरें आठवूं लागतो. प्रश्न लहान असावा, तो नेमक्या प्रसंगाचा असावा आणि उत्तराची घाई करूं नये. स्मृति सनावळींत चुकते, दोन प्रसंग एक करते. म्हणून पत्रें व रोजनिशी यांच्याशीं ती ताडून पाहावी. जो शिष्य गुरूशीं भांडून निघून गेला, त्याचीही साक्ष घ्यावी. केवळ स्तुतीनें विद्वानाची मूर्ति उभी राहते, माणूस मात्र हरवतो.

श्रोतेहो, ज्या गुरूंची नांवें आज आपण आदरानें घेतों, त्यांच्यासमोर बसून शिकलेले वृद्ध आपल्यांतील पुष्कळ घरांत आहेत. ग्रंथ पुन्हा छापतां येतो. मिटलेले ओठ पुन्हा उघडत नाहींत. त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसावें, एक नेमका प्रश्न विचारावा आणि मिळालेलें उत्तर, सांगणाराचें नांव व दिवस घालून, त्याच रात्रीं लिहून ठेवावें.