आधी माणूस, मग कॅमेरा

आपल्या प्रत्येक वस्तीत आज दोन-चार तरुण फोटोग्राफीच्या धंद्यात आहेत. लग्न, वाढदिवस, जयंतीची मिरवणूक, पासपोर्टचे फोटो अशी मिळेल ती कामे करून ते घर चालवतात. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांच्या हातात मोबाईल आहे. फोटो ढिगाने निघतात. पण त्यातले किती फोटो दहा वर्षांनी कुणी पुन्हा पाहील? हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स यांचे काम जरूर समजून घ्यावे.

पार्क्स यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९१२ रोजी कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट या गावी झाला. पंधरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. शाळेतली एक शिक्षिका काळ्या मुलांना सांगत असे, की कॉलेजवर आईबापांचा पैसा वाया घालवू नका, शेवटी तुम्ही हमाल आणि मोलकरणीच होणार. असे शब्द आपल्याकडेही अनेकांनी ऐकलेले आहेत. कोवळ्या वयात आई गेली. सेंट पॉल शहरात मेव्हण्याने घराबाहेर काढले, तेव्हा ऐन थंडीत त्यांनी ट्रामच्या डब्यात रात्री काढल्या. शिक्षण अर्धवट राहिले. कुठल्याही कलाशाळेचा दाखला त्यांच्याजवळ नव्हता.

रेल्वेत वेटर असताना एका प्रवाशाने मागे टाकलेले मासिक त्यांच्या हाती आले. त्यात देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे फोटो होते. फोटो एवढे बोलू शकतो, हे तेव्हा त्यांना कळले. पंचविशीच्या सुमारास सिएटलमधील एका गहाणवटीच्या दुकानातून त्यांनी ‘फॉइग्टलेंडर ब्रिलियंट’ हा कॅमेरा स्वस्तात घेतला. पुढे आपल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘अ चॉइस ऑफ वेपन्स’ म्हणजे ‘शस्त्राची निवड’ असे नाव दिले (१९६६). गरिबी आणि वर्णभेद यांच्याशी लढण्यासाठी चाकू किंवा पिस्तूल न उचलता आपण कॅमेरा उचलला, असे त्यांचे म्हणणे होते.

पोटाचे काम आणि मनाचे काम

सुरुवातीला पार्क्स यांनी सेंट पॉलमधील एका कापडदुकानासाठी फॅशनचे फोटो काढले. पहिल्याच वेळी एक फोटो सोडून बाकी सगळ्या फिल्मवर चुकून दोनदा फोटो घेतला गेला! उरलेला एकच फोटो त्यांनी मोठा करून दुकानात दाखवला आणि काम टिकवले. मुष्टियोद्धा जो लुई यांच्या पत्नीने ते काम पाहिले आणि त्यांना शिकागोला येण्यास सांगितले. तिथे ते श्रीमंत स्त्रियांचे फोटो काढून पैसे कमवीत आणि उरलेल्या वेळात साउथ साइड या काळ्यांच्या वस्तीत फिरून तिथले जीवन टिपत. त्या वस्तीतल्या फोटोंमुळेच १९४२ साली त्यांना रोझेनवाल्ड शिष्यवृत्ती मिळाली.

आपल्या तरुणांनी यातून घ्यावे ते हे. लग्नाच्या ऑर्डरीला कमी लेखू नका, तिच्यावर चूल पेटते. पण महिन्यातला एखादा रविवार स्वतःच्या वस्तीसाठी राखून ठेवा.

कॅमेरा कपाटात ठेवा

शिष्यवृत्ती घेऊन पार्क्स वॉशिंग्टनला एका सरकारी खात्याच्या छायाचित्र विभागात आले. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी पहिल्याच दिवशी त्यांचा कॅमेरा कपाटात ठेवायला लावला आणि सांगितले, की शहरात जा, जेवा, कपडे घ्या, सिनेमा पाहा. देशाच्या राजधानीत एकाही ठिकाणी त्यांना मानाने घेतले गेले नाही. संतापून ते परत आले.

तेव्हा स्ट्रायकर यांनी दिलेला सल्ला प्रत्येक फोटोग्राफरने ध्यानात ठेवावा असा आहे. वर्णद्वेषी माणसाचा फोटो काढून खाली ‘वर्णद्वेषी’ असे लिहिल्याने काही साधत नाही, कारण तो दिसायला इतरांसारखाच असतो. ज्याने सोसले आहे त्याच्याकडे जा, त्याच्याशी बोला.

त्याच इमारतीत रात्री फरशी पुसणारी एला वॉटसन ही बाई पार्क्स यांना भेटली. तिच्या वडिलांना जमावाने ठार मारले होते, नवरा गोळी लागून मेला होता आणि तुटपुंज्या पगारात ती नातवंडे सांभाळत होती. पार्क्स यांनी आधी हे सगळे ऐकून घेतले. मग अमेरिकेच्या राष्ट्रध्वजासमोर, एका बाजूला झाडू आणि दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा पोछा, अशी तिला उभी केली. ‘अमेरिकन गॉथिक’ या नावाने हा फोटो जगप्रसिद्ध झाला. त्यात आक्रोश नाही, रक्त नाही. ती फक्त समोर पाहते आहे.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढचे काही आठवडे ते तिच्या घरी आणि तिच्या प्रार्थनास्थळी जात राहिले. एका फोटोने माणूस कळत नाही, म्हणून पुन्हा जावे लागते.

अवजार आणि रंग

१९४८ मध्ये पार्क्स ‘लाइफ’ साप्ताहिकात कायम नोकरीवर लागले. तिथे नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. १९५६ साली अलाबामात काम करताना त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स होता. हा कॅमेरा पोटाजवळ धरून वरून पाहायचा असतो. त्यामुळे फोटोग्राफरचा चेहरा झाकला जात नाही आणि समोरचा बुजत नाही. मोबाईलवाल्यांनीही तो चेहऱ्यापुढून थोडा खाली घ्यावा आणि बोलत बोलत फोटो काढावा.

अलाबामातले हे फोटो रंगीत आहेत. गोऱ्यांचे नळ वेगळे, काळ्यांचे नळ वेगळे. पाणी म्हटले की आपल्याला १९२७ चा महाडचा सत्याग्रह आठवतोच. पण त्या नळावर उभी असलेली माणसे ठेवणीतल्या, इस्त्रीच्या कपड्यांत आहेत. ‘काळ्यांचे प्रवेशद्वार’ या पाटीखाली एक स्त्री आणि एक लहान मुलगी सुंदर पोशाखात उभ्या आहेत. लाज पाटीला वाटावी, माणसाला नव्हे, असे ते फोटो सांगतात. आपल्या माणसांचा फोटो काढताना केवळ दैन्य दाखवू नका, त्यांचा ताठ कणाही दिसू द्या.

फोटोचा जमाखर्च

फोटो छापला की त्याचा जमाखर्च सुरू होतो. १९६१ साली ब्राझीलच्या रिओ शहरातील झोपडपट्टीतल्या फ्लाव्हिओ या आजारी मुलाचे फोटो ‘लाइफ’ने छापले. वाचकांनी पैसे पाठवले आणि मुलावर अमेरिकेत उपचार झाले. ही जमेची बाजू. पण १९५६ साली अलाबामातील फोटो छापून आल्यावर, त्यात बोललेल्या एका शिक्षिकेची नोकरी गेली आणि कुटुंबाला गाव सोडावे लागले. ही खर्चाची बाजू. म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा फोटो मोबाईलवरून सर्वत्र पाठवण्यापूर्वी त्याची परवानगी घ्या. नोकरी, घरमालक, गावातले राहणे यावर काय परिणाम होईल, याचा त्याच्यासोबत बसून विचार करा. उद्या परिणाम भोगायचे ते त्याला, आपल्याला नव्हे.

१९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्या संघटनेचे फोटोही पार्क्स यांनी काढले. ७ मार्च २००६ रोजी त्यांचे निधन झाले. काही वर्षांनी एका जुन्या पेटीच्या तळाशी अलाबामाच्या मूळ रंगीत फिल्म सापडल्या. कागदात नीट गुंडाळलेल्या, वर नाव लिहिलेल्या. नाव लिहिले होते म्हणून त्या ओळखता आल्या.

आपल्या घरोघरी पत्र्याच्या पेटीत जुने फोटो आहेत. चैत्यभूमी, दीक्षाभूमी, गिरणीचा संप, नामांतराचा मोर्चा. पण फोटोतली माणसे कोण, हे सांगणारी पिढी जाते आहे. म्हणून येत्या रविवारी पेटी उघडा. आजी-आजोबांजवळ बसा आणि प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव, साल मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने दाबून लिहिल्यास पुढे वळ उठतो. मोबाईलमधले निवडक फोटो कागदावर काढून घ्या आणि त्यांच्याही मागे नावे लिहा. या कामाला खर्च एका पेन्सिलीचा. ते न केल्यास आपल्याच माणसांना उद्या आपलीच मुले ओळखणार नाहीत.