सायंकाळची कणकण

दिवस मावळतीला लागला की अंग मोडून येते, डोके जड होते, बारीक कणकण भासते. सकाळी मात्र सारे ठीक असते. अशा तक्रारीला ‘कामाचा शीण’ म्हणण्याचा प्रघात आहे. पुष्कळदा ते खरेही असते. शरीराचे तापमान निसर्गतःच पहाटे कमी व सायंकाळी अधिक असते. अपुरी झोप व उन्हातील श्रम यांनीही थकवा येतो. परंतु विश्रांतीनंतरही तक्रार परतत राहिल्यास तिचे कारण शोधणे अगत्याचे ठरते.

रक्तक्षय, मधुमेह किंवा थायरॉइड ग्रंथीची मंदावलेली क्रिया यांत थकवा येतो. ताप सहसा नसतो. हिवतापात थंडी वाजून ताप चढतो व घाम येऊन उतरतो. सायंकाळची कसर, रात्रीचा घाम, घटते वजन आणि दोन आठवड्यांहून अधिक काळचा खोकला दिसल्यास मात्र क्षयरोगाची शंका घ्यावयास हवी.

शासकीय आरोग्य केंद्रांत या रोगाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णास पोषणासाठी दरमहा १,००० रुपये साहाय्य देण्यात येते. सर्वसाधारण क्षयाचा उपचार ६ महिन्यांचा असतो. काही आठवड्यांतच बरे वाटू लागते आणि नेमके तेव्हाच औषध सोडले जाते. मग जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

आजार लपविण्यामागे बहुधा लोकापवादाचे भय असते. ते दूर करून रुग्णाला वेळीच तपासणीस धाडणे, हे शिक्षक व पंचायत सदस्य यांना सहज साधण्याजोगे कार्य होय.